घराला एक मत नसते: आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
आमच्या गावचे मराठी मंडळ, मध्य न्यू जर्सी

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपण सर्व सभासदांना एक परिपत्रक पाठविले. येत्या ३ नोव्हेंबरच्या मध्यावधी निवडणुकीआधी मंडळ आपल्या भागातील उमेदवारांशी वार्तालाप ठेवणार आहे, हे वाचून मला मनापासून आनंद झाला, कारण गणेशोत्सव आणि दिवाळीपलीकडे जाऊन मंडळाने सार्वजनिक जीवनात भाग घ्यावा असे मी अनेक वर्षे म्हणत आले आहे. परंतु त्याच परिपत्रकात पुढे असे लिहिले आहे की, वेळ मर्यादित असल्यामुळे प्रत्येक कुटुंबाला एकच प्रश्न विचारता येईल, तो कुटुंबप्रमुखाने आधी लिहून पाठवावा, आणि सोबतच्या तक्त्यात आपल्या कुटुंबात किती मते आहेत तो आकडा भरावा, म्हणजे आपल्या समाजाची एकगठ्ठा ताकद उमेदवारांना दाखविता येईल. तक्त्यात रकाने तीन आहेत: कुटुंबप्रमुखाचे नाव, गाव आणि मतांची संख्या. आमच्या घरचा तक्ता माझ्या यजमानांच्या ई-मेलवर आला. आमच्या घरात चार मतदार आहेत आणि त्यांपैकी तीन स्त्रिया आहेत. त्या तिघींपैकी एकीचेही नाव लिहायला त्या कागदावर जागा नाही.

मी सचिवांना दूरध्वनी केला. ते माझ्या धाकट्या दिरासारखे आहेत आणि त्यांनी अतिशय आपुलकीने विचारले, "पण वहिनी, घरात तुम्हा दोघांचे मत वेगळे असते का?" हे पत्र त्या प्रश्नाचे उत्तर आहे. ते मी त्यांना एकट्यांना लिहू शकले असते. परंतु हा प्रश्न त्यांच्या एकट्यांच्या मनातला नाही, आणि अमेरिकेत ठिकठिकाणी मराठी मंडळे आहेत, म्हणून ते सर्वांसमोर लिहीत आहे.

माझा या विषयाशी काय संबंध, हे आधी सांगते. मी १९९९ मध्ये नाशिकहून लग्न करून न्यू जर्सीत आले ती यजमानांच्या एच-वन व्हिसाच्या आधाराने मिळालेल्या एच-फोर व्हिसावर. त्या व्हिसावर नोकरी करण्यास मनाई होती आणि बँकेपासून दवाखान्यापर्यंत प्रत्येक अर्जावर मी कोणाची तरी 'डिपेंडंट' होते. २०१२ च्या वसंतात मला नागरिकत्व मिळाले. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला सँडी वादळ न्यू जर्सीवर आदळले आणि ६ नोव्हेंबरला, घरात अजून वीज आलेली नसताना, मी आयुष्यातले पहिले अमेरिकी मत दिले. यजमानांनी आदल्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात नमुना मतपत्रिकेवर खुणा करून ठेवल्या होत्या आणि मी त्या तशाच उतरविल्या. त्यांनी सक्ती केली नव्हती. मलाच वेगळे काही करता येते हे सुचले नव्हते. पुढच्या निवडणुकीपर्यंत मी शाळा मंडळाच्या उमेदवारांची पत्रके स्वतः वाचली, आणि तेव्हा आमची मते जुळली नाहीत. २०१६ पासून मी प्रत्येक निवडणुकीत मतदान केंद्रावर कर्मचारी म्हणून बसते. पत्नीच्या मागोमाग पडद्याआड शिरू पाहणाऱ्या पतीला, 'साहाय्य मागितले नसेल तर आत एकाच व्यक्तीने जायचे आहे,' हे मी दरवर्षी नम्रपणे सांगते, आणि त्यांत आपले मराठी बंधूही असतात.

आता सचिवांच्या प्रश्नाकडे येते. मत वेगळे असते का?

आपल्या सभागृहापासून मोटारीने फार दूर नसलेल्या न्यू ब्रन्सविकमध्ये, रटगर्स विद्यापीठात, अमेरिकी स्त्रिया आणि राजकारण या विषयाला वाहिलेले एक अभ्यास केंद्र १९७१ पासून काम करीत आहे. विजयी उमेदवाराला किती टक्के स्त्रियांनी आणि किती टक्के पुरुषांनी मत दिले, या दोन आकड्यांतील फरकाला इथे 'जेंडर गॅप' म्हणतात, आणि हे केंद्र त्याची नोंद ठेवते. १९८० मध्ये रिपब्लिकन रॉनल्ड रेगन यांना मतदानोत्तर चाचण्यांनुसार ५४ टक्के पुरुषांनी मत दिले, तर स्त्रियांपैकी ४६ टक्क्यांनी. त्यानंतर १९९६ मध्ये डेमोक्रॅट बिल क्लिंटन यांना स्त्रियांची ५४ आणि पुरुषांची ४३ टक्के मते मिळाली. २००० मध्ये रिपब्लिकन जॉर्ज बुश यांना पुरुषांची ५३ आणि स्त्रियांची ४३. २०२० मध्ये जो बायडेन यांना स्त्रियांची ५७ आणि पुरुषांची ४५. २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना पुरुषांची ५५ आणि स्त्रियांची ४५. १९८० पासून एकही अध्यक्षीय निवडणूक अशी झालेली नाही की जिच्यात हे अंतर दिसले नाही. १९९२ मध्ये ते चार टक्क्यांपर्यंत खाली आले होते, पण नाहीसे झाले नाही.

हे अंतर काही निसर्गनियम नव्हे. १९५० च्या दशकात स्त्रिया पुरुषांपेक्षा किंचित अधिक प्रमाणात रिपब्लिकन आयझेनहॉवर यांच्या बाजूने होत्या. पुढे चित्र उलटले, आणि त्याचे एक मोठे कारण असे की पुरुष डेमोक्रॅटिक पक्षापासून स्त्रियांपेक्षा अधिक वेगाने दूर गेले. म्हणजे सगळी हालचाल स्त्रियांनीच केली असे नाही. स्त्रिया मोठ्या संख्येने नोकरीत आल्या, एकट्याने संसार चालविणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढली, आणि शाळा, आरोग्यविमा, वृद्धांची काळजी यांत सरकारने किती भार उचलावा याविषयी त्यांचे अनुभव पुरुषांहून वेगळे झाले. युद्ध आणि बंदुका या प्रश्नांवर तर स्त्री-पुरुषांचा कल फार पूर्वीपासून वेगळा दिसतो. १९८० मध्ये रिपब्लिकन पक्षाने स्त्री-पुरुष समान हक्कांच्या घटनादुरुस्तीला असलेला आपला ४० वर्षांचा पाठिंबा जाहीरनाम्यातून काढून टाकला. २०२२ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा १९७३ पासूनचा घटनात्मक हक्क रद्द केला, त्यानंतर तो प्रश्न अनेक घरांत जेवणाच्या टेबलावर येऊन बसला.

स्त्रिया म्हणजेसुद्धा एक गठ्ठा नव्हे, हे मी तितक्याच आग्रहाने सांगते. २०२४ मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी दहांतील नऊ जणींनी कमला हॅरिस यांना मत दिले, तर गोऱ्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ट्रम्प यांना. तरीही गोऱ्या पुरुषांच्या तुलनेत ट्रम्प यांना मत देणाऱ्या गोऱ्या स्त्रियांचे प्रमाण कमीच होते. स्त्री उमेदवार असली की स्त्रिया तिच्यामागे जातात, हाही आपल्या गप्पांतला एक आवडता समज आहे. १९८४ मध्ये जेराल्डीन फेरारो उपाध्यक्षपदासाठी उभ्या होत्या आणि तरीही बहुसंख्य स्त्रियांनी रेगन यांना मत दिले. गेल्या नोव्हेंबरात व्हर्जिनियात गव्हर्नरपदाच्या दोन्ही प्रमुख उमेदवार स्त्रियाच होत्या. अंतर तिथेही राहिले, कारण ते उमेदवाराच्या पदराकडे पाहून पडत नाही, प्रश्नांकडे पाहून पडते.

हे गोऱ्या-काळ्यांचे झाले, आपल्यात असे नसते, असे कोणी म्हणेल. कार्नेगी संस्थेने २०२४ च्या निवडणुकीआधी भारतीय वंशाच्या अमेरिकी नागरिकांची पाहणी केली. तीत ६७ टक्के स्त्रियांनी हॅरिस यांना मत देणार असल्याचे सांगितले आणि पुरुषांपैकी ५३ टक्क्यांनी. ट्रम्प यांना मत देणार असे म्हणणाऱ्या स्त्रिया २२ टक्के होत्या आणि पुरुष ३९ टक्के. हे अंतर देशाच्या सरासरीहून कमी नाही, उलट अधिक आहे. त्या पाहणीत मराठी माणसे वेगळी मोजलेली नाहीत, परंतु आपली घरे त्याच वस्तीत आहेत.

बऱ्याच घरांत पतिपत्नीचे मत एकच असते, हे मला मान्य आहे. विवाहित आणि अविवाहित स्त्रियांच्या मतांतही इथे ठळक फरक दिसतो. माझे आणि यजमानांचे मत कितीदा तरी जुळते. पण ते जुळते की नाही, हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि आपला तक्ता विचारण्याची सोयच ठेवत नाही. मी कोणाला मत देते हे या पत्रात लिहिलेले नाही, आणि ते मंडळाला कळण्याची गरजही नाही. आपल्या मंडळात दोन्ही पक्षांना मानणाऱ्या स्त्रिया आहेत आणि माझी तक्रार त्या सर्वांच्या वतीने आहे.

माझी सर्वांत मोठी हरकत 'कुटुंबप्रमुख' या शब्दाला आहे, आणि ती समजावून देण्यासाठी मला आपल्याच राज्याचा इतिहास सांगावा लागेल. १७७६ च्या न्यू जर्सीच्या घटनेने ५० पौंडांची मालमत्ता असलेल्या 'सर्व रहिवाशांना' मताचा हक्क दिला. १७९० च्या निवडणूक कायद्यात मतदारासाठी 'तो किंवा ती' असे शब्द आले. त्या काळच्या मतदार याद्यांत स्त्रियांची नावे आजही पाहता येतात. परंतु त्या स्त्रिया बहुतांशी विधवा किंवा अविवाहित होत्या, कारण लग्न होताच स्त्रीची मालमत्ता कायद्याने पतीची होई आणि तिच्याबरोबर तिचे मतही जाई. विवाहित स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात सामावलेले आहे, असे तेव्हाचे इंग्रजी कायद्यातून आलेले तत्त्व होते. म्हणजे ज्या काळात न्यू जर्सी अमेरिकेत सर्वांत पुढे होते, त्या काळातही घराला एकच मत होते आणि ते प्रमुखाचे होते. पुढे १८०७ मध्ये एसेक्स काउंटीतील न्यायालयाची इमारत नेवार्कमध्ये असावी की एलिझाबेथटाउनमध्ये, यावरून झालेल्या मतदानात मोठे गैरप्रकार झाले. पुरुषांनी स्त्रीवेष करून पुन्हा पुन्हा मते दिल्याचेही आरोप झाले. त्यावर विधिमंडळाने उपाय काय केला, तर स्त्रियांचा आणि कृष्णवर्णीयांचा मताधिकारच काढून घेतला. तो स्त्रियांना १९२० च्या एकोणिसाव्या घटनादुरुस्तीने परत मिळेपर्यंत ११३ वर्षे गेली. त्याआधी १९१५ मध्ये न्यू जर्सीच्या पुरुषांपुढे हा प्रश्न मतदानाला आला होता आणि त्यांनी तो फेटाळला. स्त्रियांना मत दिले तर ते एकतर पतीचेच मत दुप्पट करील, नाहीतर घरात भांडण लावील, असे त्या काळचे विरोधक म्हणत. सचिवांच्या प्रेमळ प्रश्नात मला हेच दोन्ही युक्तिवाद ऐकू आले, आणि त्यांना स्वतःला ते ऐकू आले नसावेत याचेच अधिक वाईट वाटले.

याच राज्यातल्या ऑरेंज गावी राहणाऱ्या, स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या लूसी स्टोन यांनी, मत नाही तर कर का द्यायचा असे म्हणून कर नाकारला, आणि १८५८ मध्ये त्यांच्या घरातील सामान लिलावात निघाले. लग्नानंतर त्यांनी स्वतःचेच नाव ठेवले होते. पुढे १८७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये शाळा समितीसाठी स्त्रियांना मत मिळाले, तेव्हा पतीचे आडनाव लावीत नाहीत म्हणून त्यांचे नाव यादीतून वगळण्यात आले. यादीत स्वतःचे नाव असणे किती महत्त्वाचे, हे आपल्या मायदेशानेही पाहिले आहे. भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लाख स्त्रियांनी, मुख्यतः उत्तरेकडील राज्यांत, आपले नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई अशी नोंद केली होती आणि ती नावे निवडणूक आयोगाला यादीतून काढावी लागली. त्या स्त्रियांना नाव सांगण्याचा संकोच होता. आम्हाला तो नाही. आमचे नाव आपणच विचारलेले नाही.

दुसरी तक्रार एकगठ्ठा मतांच्या कल्पनेविषयी आहे. आपले मंडळ कलम ५०१(सी)(३) खाली करमुक्त असलेली संस्था आहे. अशा संस्थेने कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने वा विरुद्ध प्रचार करू नये, असा १९५४ पासूनचा नियम आहे. आपण अजून कोणाचे नाव घेतलेले नाही हे खरे, पण मतांचा गठ्ठा बांधून तो उमेदवारापुढे ठेवणे म्हणजे सौद्याची पहिली पायरी आहे, आणि त्या गठ्ठ्यात माझे मत माझ्या संमतीशिवाय बांधले गेले आहे.

तिसरी तक्रार टपाली मतपत्रिकांची आहे. परिपत्रकाच्या शेवटी, 'घरातील सर्व मतपत्रिका एकत्र बसून भराव्यात, म्हणजे चुका होणार नाहीत,' असा सल्ला आहे. त्यामागचा हेतू चांगला असेल, परंतु मी मतदान केंद्रावर बसते म्हणून मला ठाऊक आहे की टपाली मतपत्रिकेत गुप्ततेचा पडदा घराघरातील माणसांनीच धरायचा असतो; तिथे माझ्यासारखी कोणी कर्मचारी उभी नसते. दुसऱ्याची मतपत्रिका भरण्यास मदत केली तर मदत करणाऱ्याने पाकिटावर आपले नाव लिहून सही करणे न्यू जर्सीत बंधनकारक आहे. आपल्यापैकी किती घरांत ही सही होते? एका परिचित बाईंनी मला सांगितले की इतक्या वर्षांत त्यांनी पाकिटावर फक्त सही केली आहे, आतला कागद पाहिलेला नाही. त्या एम.एस्सी. आहेत.

कार्यक्रमाच्या आयोजनाविषयी थोडक्यात लिहिते. सूत्रसंचालक आणि संवाद समितीतील पाचही जण पुरुष आहेत, आणि अल्पोपाहार समितीतील सातही जणी स्त्रिया. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत पात्र स्त्रियांपैकी ६८.४ टक्के जणींनी मतदान केले आणि पुरुषांपैकी ६५ टक्क्यांनी. मत देणाऱ्या स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा सुमारे ९७ लाखांनी अधिक होती. १९८० पासून प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत स्त्रियांच्या मतदानाचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्तच राहिले आहे. जे उमेदवार आपल्याकडे येतील त्यांना हे आकडे पाठ असतात. त्यांच्यासमोर स्त्रियांना फक्त बटाटेवडे घेऊन पाठवणे हे मंडळाला शोभत नाही.

आणि एक गोष्ट, जी या परिपत्रकाहून जुनी आहे. मंडळाच्या घटनेनुसार कौटुंबिक सभासदत्वाला वार्षिक सभेत एकच मत आहे. इतकी वर्षे मीही ते चालवून घेतले.

यास्तव माझ्या मागण्या अशा आहेत. परिपत्रकासोबतचा तक्ता मागे घ्यावा आणि आतापर्यंत भरून आलेले तक्ते नष्ट करावेत. 'एकगठ्ठा' हा शब्द मंडळाच्या नावाने पुन्हा वापरू नये. प्रश्न कुटुंबाने नव्हे, प्रत्येक मतदाराने स्वतःच्या नावाने पाठवावेत, वेळ अपुरी असेल तर चिठ्ठ्या टाकून निवड करावी, आणि निवडलेल्या प्रश्नांपैकी निदान निम्मे स्त्रियांचे असावेत. संवाद समितीत स्त्रिया आणि अल्पोपाहार समितीत पुरुष घ्यावेत. सभासदांच्या यादीत प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे नाव आणि ई-मेल स्वतंत्र नोंदवावे. मंडळाची घटना बदलून वार्षिक सभेत प्रत्येक प्रौढ सभासदाला एक मत द्यावे.

याखेरीज सप्टेंबरमध्ये एक मराठी सत्र ठेवावे, ज्यात मतदार नोंदणी, टपाली मतपत्रिकेची गुप्तता आणि साहाय्याचे नियम ज्येष्ठांना समजतील अशा भाषेत सांगितले जातील. त्याच सत्रात स्त्रियांनी आपली कागदपत्रे तपासून पाहावीत. आपल्याकडे लग्नानंतर मधले नाव बदलते, आडनाव बदलते, कधी पहिले नावही बदलते. जन्मदाखल्यावर एक, पारपत्रावर दुसरे आणि नागरिकत्वाच्या दाखल्यावर तिसरेच नाव असलेल्या कितीतरी जणी मंडळात आहेत. नोंदणीसाठी नागरिकत्वाचे कागदोपत्री पुरावे मागणारे 'सेव्ह' विधेयक प्रतिनिधिगृहाने एप्रिल २०२५ मध्ये २२० विरुद्ध २०८ मतांनी संमत केले. सिनेटमध्ये त्याचे काहीही होवो, नावे जुळवून ठेवण्याचे काम आत्ताच करणे शहाणपणाचे आहे, आणि हे सत्र घेण्यासाठी लागणारे सर्व श्रम करायला मी तयार आहे.

आमच्या घरचा तक्ता आम्ही न भरता परत पाठवीत आहोत. त्यावर यजमानांचीही सही आहे. सोबत चार प्रश्न चार वेगळ्या कागदांवर, प्रत्येकाच्या नावाने जोडले आहेत. त्यांतील दोन, करांविषयीचे, एकमेकांच्या अगदी उलट दिशेचे आहेत. माझ्या मुलीचा प्रश्न तिच्या विद्यापीठाच्या शुल्काविषयी आहे. सासूबाईंचे वय ८१ आहे. २०२१ मध्ये नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी त्यांनी शंभर प्रश्नोत्तरे पाठ केली होती, आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी लढलेल्या सुझन बी. अँथनी यांनी काय केले, या प्रश्नाचे उत्तर त्या अजूनही न अडखळता सांगतात. त्यांचा प्रश्न वृद्धांच्या आरोग्यविम्याविषयी असून तो मराठीत, त्यांच्या स्वतःच्या अक्षरात आहे. कार्यक्रमात तो त्यांनाच विचारू द्यावा आणि मंडळातील कोणीतरी उमेदवारांना त्याचे भाषांतर करून सांगावे.

कार्यकारिणीच्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर हे पत्र घ्यावे आणि निर्णय सर्व सभासदांना, प्रत्येकाच्या स्वतंत्र नावाने, कळवावा, ही विनंती.

आपली,
मंडळाची एक आजीव सभासद आणि मतदान केंद्र कर्मचारी,
मध्य न्यू जर्सी